बाळंतिणीची वेदना आणि मागणीपत्रक

आकुर्डी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात मागणीपत्रकांची परंपरा जुनी आहे. वेतन, बोनस, कॅन्टीन, कंत्राटी कामगारांना कायम करणे, या सर्वांसाठी येथे लढे झाले. परंतु पोटावर शस्त्रक्रिया होऊन बाळंत झालेल्या कामगार स्त्रीला वेदनाशामक औषध वेळेवर मिळते की नाही, हा प्रश्न त्यांत सहसा आढळत नाही. दुखणे हा बाळंतपणाचा धर्मच, ही समजूत सासूपासून सुशिक्षितांपर्यंत पसरलेली आहे.

ही समजूत महाग पडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 2019-21 मध्ये देशातील 21.5 टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्या. खासगी रुग्णालयांत 47.4 टक्के, सरकारी रुग्णालयांत 14.3 टक्के. (त्यांतील गरजेच्या किती आणि नफ्याच्या किती, हा स्वतंत्र अग्रलेखाचा विषय आहे.) आयझेनाख व सहकाऱ्यांनी 2008 मध्ये सुमारे 1,300 मातांची पाहणी प्रसिद्ध केली. प्रसूतीनंतर तीव्र वेदना सोसलेल्या स्त्रियांत आठ आठवड्यांनंतर नैराश्याचा धोका तिप्पट आढळला. प्रसूती कोणत्या प्रकारे झाली यापेक्षा वेदना किती होती, हेच निर्णायक ठरले. वेदना हे नैराश्याचे एकमेव कारण, असे त्यातून सिद्ध होत नाही. गोव्यातील मातांविषयी विक्रम पटेल व सहकाऱ्यांचा 2002 चा अभ्यास त्याची दुसरी बाजू दाखवतो. तेथे सुमारे 23 टक्के माता नैराश्यग्रस्त आढळल्या, आणि त्यामागे दारिद्र्य, नवऱ्याची मारहाण व मुलगी झाल्याची नाराजी होती.

उपाय दुर्मीळ नाहीत. पॅरासिटामॉल आणि, मूत्रपिंडाचा वा जठराचा विकार नसल्यास, आयब्युप्रोफेनसारखे औषध घड्याळाच्या काट्यावर द्यावयाचे. बाई कळवळून मागेल तेव्हा नव्हे. स्तनपान करणाऱ्या मातेलाही ही औषधे सहसा चालतात आणि त्यांची किंमत काही रुपयांची असते. कण्यातून भूल देतानाच मॉर्फिनची अल्प मात्रा देता येते. 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्याने त्यात घातलेले अडथळे 2014 च्या दुरुस्तीने बरेच सैल केले.

पण औषध रुग्णालयाच्या दारापर्यंतच पुरते. माहेर बीड-लातूरकडे, घर म्हणजे भाड्याची एक खोली, नवरा रात्रपाळीला. सव्वा महिन्याची विश्रांती येथे कोण देणार? टाके ओले असताना पाण्याची बादली तीच उचलते. रडू आले तर ‘दृष्ट लागली’ म्हणून मीठमोहऱ्या ओवाळल्या जातात.

1928 मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. आंबेडकरांनी मातेची विश्रांती ही राष्ट्रहिताची बाब ठरवली होती. 1929 मध्ये कायदा झाला, 2017 मध्ये पगारी रजा 26 आठवड्यांची झाली. मात्र धुणीभांडी करणारी किंवा घरी बसून सुटे भाग जुळवणारी स्त्री त्या रजेपर्यंत पोचत नाही. पहिल्या बाळंतपणासाठी मातृवंदना योजनेचे 5,000 रुपये, एवढाच तिचा आधार.

तेव्हा पुढच्या मागणीपत्रकात तीन कलमे घालावीत. महापालिकेच्या व कामगार विमा योजनेच्या रुग्णालयांत वेदनाशामकांचे ठरीव वेळापत्रक प्रत्येक खाटेपाशी लावलेले असावे. नवजात बाळाचे वजन पाहण्यासाठी 42 दिवसांपर्यंत घरी येणाऱ्या आशाताईंनी आईलाही झोप, रडू आणि जिवाच्या उबगाविषयी विचारावे. एडिंबरोची दहा प्रश्नांची प्रश्नावली 1987 पासून उपलब्ध आहे. आणि या वाढीव कामाचा मोबदला आशाताईंना वेगळा मिळावा.