नुकसान झाडाचे, मदत हेक्टरी : श्रीवर्धन तालुक्यातील वाडीवाल्यांचे निवेदन

प्रति,
मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई
(द्वारा : मा. जिल्हाधिकारी, रायगड, अलिबाग)

विषय : चक्रीवादळात कोसळणाऱ्या नारळ-सुपारीच्या बागांसाठी कायमचे धोरण ठरवणे आणि गावकऱ्यांनी उभ्या केलेल्या मदतनिधीला त्यात जागा देणे याबाबत.

महोदय,

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर आणि खाली दापोलीपर्यंतच्या वाड्या त्या दुपारी आडव्या झाल्या. वारा अडवायला किनाऱ्यावर लावलेली सुरूची झाडेही मोडून पडली. ती हकीकत पुन्हा सांगण्यासाठी हे निवेदन नाही. त्या वेळी सरकारने मदत केली, हे आम्ही विसरलेलो नाही. बहुवार्षिक फळपिकांसाठी हेक्टरी १८,००० रुपयांचा दर ५०,००० करण्यात आला. पुढे नारळाच्या झाडामागे २५० आणि सुपारीच्या झाडामागे ५० रुपये असा हिशेबही मान्य झाला. पण हे निर्णय कायमचे नव्हते. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या केंद्रीय निकषांत बहुवार्षिक पिकांचा दर हेक्टरी २२,५०० रुपये, आणि तोही दोन हेक्टरांच्या मर्यादेत, एवढाच ठेवला गेला. म्हणजे पुढचे वादळ आले की आम्ही पुन्हा अर्ज, मोर्चे आणि विशेष बाब म्हणून मंजुरी इथूनच सुरुवात करायची.

आमची तक्रार रकमेपेक्षा मोजण्याच्या रीतीबद्दल आहे. भाताचे पीक गेले तर एक हंगाम जातो, शेत राहते. सुपारीचे झाड गेले तर नवे रोप धरायला लागायला सहा ते आठ वर्षे जातात, आणि भरीव उत्पन्न त्याच्याही पुढे. बाणवली जातीच्या नारळाचेही तेच. तरीही भाताला आणि या झाडांना एकाच पद्धतीच्या तक्त्यात बसवले जाते. इथली वाडी हेक्टरात मोजायची गोष्टही नव्हे. पाच गुंठे, आठ गुंठे, कुठे पंधरा. हेक्टरी ५०,००० म्हणजे गुंठ्याला साधारण पाचशे रुपये. शिफारशीप्रमाणे पावणेतीन मीटर अंतर धरले तरी एका गुंठ्यात तेरा-चौदा सुपाऱ्या असतात. जुन्या वाड्यांत त्याहून दाट. शिवाय सुपारीच्या अंगावर मिरी चढलेली असते, सावलीला जायफळ असते, बांधाला केळी आणि कोकम. सुपारी पडली की वेल जमिनीवर येतो आणि उघडे पडलेले जायफळ उन्हाने करपते. पंचनाम्यात मात्र ‘सुपारी, क्षेत्र अमुक’ एवढीच ओळ लागते.

म्हणून पहिली आणि सगळ्यात मोठी मागणी अशी की बागायतीच्या नुकसानीचा हिशेब झाडावर व्हावा आणि त्यात झाडाची किंमत व उत्पन्न बंद राहण्याची वर्षे, दोन्ही धरली जावीत. रक्कम एकदम द्यावी असा आमचा हट्ट नाही. पहिल्या वर्षी सफाई आणि लागवड, पुढची पाच वर्षे रोप जगल्याची पाहणी करून ठरावीक हप्ता, असे केले तर सरकारचा पैसाही वाया जाणार नाही. सफाईचा उल्लेख मुद्दाम केला. पडलेली झाडे कापून, ओढून वाडीबाहेर काढण्याचा खर्च कित्येकांना मिळालेल्या मदतीपेक्षा जास्त आला. यांत्रिक करवत चालवणारा माणूस मिळेना, आणि सुपारीच्या खोडाला तर सरपणापलीकडे भाव नाही.

यासाठी झाडांची नोंद आधी हवी. २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आहे. मिश्र वाडीसाठी त्यात प्रत्येक जातीच्या झाडांची संख्या आणि अंदाजे वय नोंदवून ते ग्राह्य धरण्याची सोय करावी. वादळानंतर आडव्या पडलेल्या खोडांवरून संख्या ठरवताना वाद होतात. उभ्या झाडांची नोंद असेल तर ते टळतील.

विम्याबद्दल थोडक्यात. हवामानावर आधारित फळपीक विम्यात आंबा, काजू आहेत, पण तो विमा मोहोराचा आणि फळाचा आहे. झाड मुळासकट उपटले तर तो कामाचा नाही. आंब्याची मुदतही १५ मेला संपते. २०२१ मध्ये तौक्ते वादळ कोकणात आले ते १६ मेला! नारळासाठी मात्र नारळ विकास मंडळाची झाडाचा विमा उतरवणारी योजना आहे. सोळा ते साठ वर्षांच्या झाडाला १,७५० रुपयांचे संरक्षण, हप्ता १४ रुपये. त्यातला निम्मा मंडळाचा, पाव राज्याचा, पाव शेतकऱ्याचा. म्हणजे बागायतदाराने झाडामागे साडेतीन रुपये भरायचे. हीच योजना गावागावांत पोचली असती, तर जिथे २५० रुपये हातात पडले तिथे कितीतरी जास्त पडले असते आणि सरकारच्या तिजोरीवर ताण कमी आला असता. राज्याने आपला वाटा भरून दर वर्षी एप्रिलच्या आत गावागावांत शिबिरे घ्यावीत, आणि सुपारीसाठी अशीच योजना केंद्राकडे मागावी.

सुपारीला सरकारी पैसा कशाला, असा प्रश्न आम्हाला विचारला जातो. तो गैरलागू नाही. सुपारी खाण्याने कर्करोग होतो हे सिद्ध आहे आणि गुटख्यावर या राज्यात २०१२ पासून बंदी आहे. आम्हालाही मुले-नातवंडे आहेत. मग ज्याला सुपारीऐवजी जायफळ, कोकम किंवा नारळ लावायचा आहे, त्यालाही तेवढीच मदत द्या. आज पडले तेच झाड पुन्हा लावले तर कागद पटकन सरकतो, पीक बदलतो म्हटले की फाटे फुटतात. बदल हवा असेल तर तो सोपा करावा लागेल.

आता मदतनिधीविषयी. निसर्ग वादळ आले तेव्हा टाळेबंदी होती. चाकरमान्यांच्या स्वतःच्या पगाराचा भरवसा नव्हता, तरी मुंबईतल्या गावमंडळांनी वर्गणी काढली. ताडपत्री, पत्रे, मेणबत्त्या, पाणी खेचायला आणि फोन चार्ज करायला जनरेटर, हे सगळे त्या पैशातून आले. वीज कित्येक आठवडे नव्हती. साहजिकच तो पैसा घरांच्या छपरांवर संपला, आणि ते योग्यच झाले. वाडीपर्यंत काहीच पोचले नाही. पुढे परदेशातले नातेवाईक आणि मराठी मंडळे विचारू लागली, पण गावच्या मंडळाला परदेशी देणगी घेण्याची नोंदणी नसते. परदेशी देणगीच्या कायद्यात २०२० च्या सप्टेंबरमध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर तर नोंदणीकृत संस्थेलाही तो पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. देशातल्या वर्गणीलाही, मंडळ नोंदणीकृत नसेल तर, सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ क खाली परवानगीसाठी धर्मादाय कार्यालयात जावे लागते; गणपतीला वर्गणी काढणाऱ्यांना हे ठाऊक आहे, वादळात छप्पर उडालेल्या माणसाला ते आठवत नाही.

नियम नकोत, असे आम्ही म्हणत नाही. आपत्तीच्या नावाने पैसा गोळा करून हिशेब न देणारेही असतात. आमचे म्हणणे असे की मुख्यमंत्री सहायता निधीला २०२५ मध्ये परदेशी देणगी घेण्याची मंजुरी मिळाली आहे. त्यात ‘किनारपट्टी बागायत पुनर्वसन’ असे वेगळे शीर्ष उघडावे. देणाऱ्याला तालुका आणि गाव नमूद करता यावे, खर्च ग्रामसभेने ठरवावा, हिशेब ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. लोकांनी एक रुपया दिला तर राज्याने एक रुपया घालावा. वर्गणीची परवानगी आपत्ती जाहीर झाल्यावर तहसील पातळीवरच एका दिवसात मिळावी.

हा पैसा कशावर खर्चावा याबद्दल आमच्यात एकमत आहे : रोपवाटिका. सुपारीचे रोप लावण्याजोगे व्हायला वर्ष-दीड वर्ष लागते. वादळानंतर सगळ्यांनाच रोपे हवी असतात आणि तेव्हा ती नसतात. मग बाहेरून येईल ते, जातीची खात्री नसलेले रोप घ्यावे लागते. श्रीवर्धनला कोकण कृषी विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्र आहे, रत्नागिरीजवळ भाट्ये येथे नारळाचे. त्यांच्या देखरेखीखाली दर चार-पाच गावांमागे एक रोपवाटिका कायम चालू ठेवावी आणि महिला बचत गटांना ती चालवायला द्यावी. वादळ न आलेल्या वर्षी रोपे विकून ती स्वतःचा खर्च काढेल.

शेवटची अडचण सातबाऱ्याची. बहुतेक वाड्या सामाईक आहेत. एका उताऱ्यावर दहा-पंधरा नावे, त्यातली निम्मी मुंबई-ठाण्यात, काही वारलेली. वाडी शिंपते ती बहुधा गावात राहिलेली वहिनी किंवा म्हातारी आई, जिचे नाव उताऱ्यावर नसते. सगळ्यांची संमतीपत्रे जमेपर्यंत मदतीची मुदत टळते. प्रत्यक्ष वहिवाट करणाऱ्या व्यक्तीचे हमीपत्र आणि स्थानिक पंचनामा यावर रक्कम द्यावी. मालकीचा वाद त्यामुळे कोणाच्या बाजूने किंवा विरुद्ध ठरणार नाही, असे आदेशातच लिहावे.

अरबी समुद्रात वादळांचे दिवस मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे. आमच्या मागण्यांपैकी झाडांची नोंद, नारळाचा विमा आणि हमीपत्राचा निर्णय या तीन गोष्टींना नवा कायदा लागत नाही. त्या येत्या एप्रिलपूर्वी व्हाव्यात. उरलेल्या मागण्यांसाठी कृषी, महसूल आणि मदत व पुनर्वसन या तिन्ही खात्यांची एकत्र बैठक श्रीवर्धन येथे घ्यावी, कारण आजवर प्रत्येक खात्याने आम्हाला दुसऱ्याकडे पाठवले आहे. बैठकीची तारीख लेखी कळवावी. आम्ही उतारे आणि झाडांच्या याद्या घेऊन हजर राहू.

आपले विश्वासू,
श्रीवर्धन तालुक्यातील नारळ-सुपारी बागायतदार व त्यांचे मुंबईकर गावकरी
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत : मा. मंत्री, मदत व पुनर्वसन; मा. कुलगुरू, डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, दापोली