अठ्ठाविसावें चित्र

आम्स्टरडॅम येथील राइक्सम्युझियमनें १० फेब्रुवारी ते ४ जून २०२३ या काळांत योहानेस व्हर्मीर याच्या चित्रांचें जें प्रदर्शन भरविलें, त्याची वाखाणणी इतक्या मुखांनीं झाली आहे कीं, तींत आणखी भर घालण्याचें प्रयोजन उरलेलें नाहीं. ज्याचीं अवघीं सुमारें ३७ चित्रें उपलब्ध मानतात, त्याचीं २८ एका छपराखालीं आणणें हें सामान्य कर्तृत्व नव्हे. साडेसहा लक्ष लोक तीं पाहून गेले, हेंहि खरें. परंतु या २८ च्या आंकड्यांतच एक मेख आहे. आणि उत्सवाच्या गडबडींत तिच्याकडे बहुतेकांनीं काणाडोळा केला.

या २८ पैकीं एक चित्र बांसरी घेतलेल्या मुलीचें. तें वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीचें. चित्र व्हर्मीरच्या हातचें नव्हे, असें खुद्द त्या मालक संस्थेनेंच ऑक्टोबर २०२२ मध्यें जाहीर केलें होतें. तिचीं कारणें मोघम नव्हतीं. व्हर्मीर खालच्या थरांत जाडसर वाटलेला रंग वापरी, व वरचा थर बारीक रंगानें सफाईनें चढवी. येथें नेमका उलटा प्रकार आढळला, आणि हातहि कच्चा दिसला. राइक्सम्युझियमनें हा निर्णय मानला नाहीं. चित्र व्हर्मीरचें म्हणूनच मांडलें आणि मोजलें.

पंडितांत मतभेद असावयाचेच. त्यास आमची हरकत नाहीं. वादग्रस्त चित्र अवश्य मांडावें. पण निर्विवाद चित्रांच्या बेरजेंत तें घालून तीच बेरीज जगभर मिरविणें, हा संशोधनाचा नव्हे, जाहिरातीचा धर्म झाला.

‘एका चित्रानें काय बिघडलें?’ असें कोणी विचारील. त्यास डच इतिहासच उत्तर देतो. १८८१ सालीं हेग येथें मोत्याचें कर्णभूषण ल्यालेली ती मुलगी लिलावांत अवघ्या दोन गिल्डरांस, वर तीस सेंटांच्या दस्तुरीनें, विकली गेली. कारण तिच्यामागें तेव्हां नांव उभें नव्हतें. उलट, १९३७ मध्यें आब्राहाम ब्रेडियस या मान्यवर पंडितानें एमाउस येथील भोजनाच्या एका चित्रावर व्हर्मीरच्या नांवाचा शिक्का मारतांच रॉटरडॅमच्या संग्रहालयासाठीं तें पांच लक्षांहून अधिक गिल्डरांस घेण्यांत आलें. १९४५ मध्यें हान व्हान मेखेरेन यानें तें आपणच रंगविल्याचें कबूल केलें! पहिल्या वेळीं चित्र होतें पण नांव नव्हतें; दुसऱ्या वेळीं नांव होतें पण चित्र नव्हतें. दोन्ही वेळां डोळे मात्र सर्वांस होते.

बांसरीवालीचें चित्र बनावट आहे असें कोणीहि म्हणत नाहीं, आम्हीहि म्हणत नाहीं. पण नांवापुढें डोळ्यांनीं मान तुकवावी, ही खोड तीच आहे. सामान्य प्रेक्षक रंगाचे थर तपासूं शकत नाहीं. तो चित्राखालच्या पाटीवर विश्वास टाकतो. हा विश्वास हेंच संग्रहालयाचें खरें भांडवल.

आणि तें कशासाठीं खर्चिलें? १९९५ सालच्या वॉशिंग्टनच्या प्रदर्शनांत २१ चित्रें होतीं. राइक्सम्युझियमनें २७ म्हटलें असतें, तरी त्याचा पहिला क्रमांक कोणी हिरावून घेतला नसता. सत्य सांगण्यास एवढी अल्प किंमत पडत असतांहि जी संस्था ती देत नाहीं, तिच्या इतर पाट्या वाचतांना प्रेक्षकानें डोळे अधिक उघडे ठेवणें, हेंच श्रेयस्कर.