हजेरीपट ठेकेदाराच्या खिशात

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर लांब आहे, हे आता शाळकरी पोरालाही पाठ झाले आहे. कोनशिलेवर कोणाची नावे आहेत, तेही सर्वांना ठाऊक आहे. पण ३१ जुलै २०२३ च्या रात्री शहापूर तालुक्यातील सरळांबे येथे याच महामार्गाचे गर्डर चढवणारे अवजड यंत्र कोसळले आणि वीस माणसे चिरडली गेली, त्यांतल्या एकाचे तरी नाव सरकारने कुठल्या दगडावर कोरले आहे काय?

बांधकामावर ही माणसे येतात कुठून? शेत सोडलेला माणूस कारखान्यात जातो, असे पाठ्यपुस्तकात शिकवतात. आपल्याकडे तो कारखान्याचे बंद फाटक पाहून मजूर अड्ड्यावर येऊन उभा राहतो. २०११-१२ साली देशातल्या शंभर कामकऱ्यांपैकी दहा-अकरा जण बांधकामावर होते, तर बारा-तेरा कारखानदारीत. २०२३-२४ च्या सरकारी श्रमबल पाहणीत बांधकामावर बारा आहेत आणि कारखानदारीत अकराच्या आसपास. खाणींत तर शंभरात एकही भरत नाही. म्हणजे गावाने टाकलेल्या माणसाला आज आधार आहे तो घमेल्याचा आणि थापीचा. याला मंत्रिमहोदय रोजगारनिर्मिती म्हणतात! सकाळी आठ वाजता कोणत्याही नाक्यावर जावे आणि डबा घेऊन उभ्या असलेल्या बिगाऱ्याला विचारावे, उद्या काम आहे का? तो सांगेल, मुकादम जाणे.

या माणसासाठी १९९६ साली संसदेने कायदा केला. बांधकाम खर्चाच्या किमान एक टक्का उपकर घ्यावा आणि त्यातून मजुराचे आजारपण, म्हातारपण, मुलांचे शिक्षण निभवावे, असा तो कायदा. महाराष्ट्राने नियम केले २००७ साली, बांधकाम कामगारांचे कल्याण मंडळ उभे केले २०११ साली. स्लॅब टाकायला एवढा उशीर झाला असता तर ठेकेदाराला दंड झाला असता. सरकारला कोण करणार? पैसा साचत गेला. देशभरातल्या या निधीतून लॅपटॉप आणि वॉशिंग मशीनची खरेदी झाल्याचे सर्वोच्च न्यायालयापुढे उघड झाले. विटा वाहणाऱ्या बाईचे लुगडे वॉशिंग मशीनमध्ये धुतले जात होते काय? आमच्या राज्यात मंडळाची ओळख काय, तर भांड्यांचा संच आणि त्यासाठी लागलेली झुंबड.

या रोगाचे मूळ एका कागदात आहे. वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला असेल तरच मजुराची नोंद होते. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी नव्या श्रमसंहिता आल्या आणि जुना कायदा त्यांत विरला. नव्वद दिवसांची अट तेवढी शाबूत राहिली. दिवस भरल्याचे सांगायचे कोणी? बहुतेक वेळा, ज्याला हजेरी लपवण्यातच फायदा, त्या ठेकेदाराने! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देण्याचाच हा प्रकार. मग खरा बिगारी दाखल्याविना राहतो आणि ज्याने कधी घमेले उचलले नाही तो दलालाकडून दाखला विकत घेतो.

हे महाराष्ट्राला शोभत नाही. हमालाचा मालक रोज बदलतो हे ओळखून १९६९ साली याच राज्याने माथाडी कायदा केला. मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मालकाने मंडळात भरावी, मंडळाने ती हमालाला द्यावी. मालक दहा झाले तरी नोंद एकच. पाठीवरच्या पोत्याला जो न्याय मिळाला, तो डोक्यावरच्या घमेल्याला का मिळू नये?

उपाय अवघड नाही, इच्छा मात्र हवी. बांधकाम परवानगीच्या वेळी उपकर घेता, तर त्याच खिडकीवर दरमहा हजेरीपटही घ्या. त्यात नाव, दिवस आणि मजुरी असू द्या. कामावर जाऊन निरीक्षकाला माणसे मोजू द्या. ठेकेदाराने कसूर केली तर काम थांबवा आणि हजेरीपट जमा झाल्याशिवाय इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र देऊ नका. असे केले तर बिल्डरांची रांग त्या खिडकीपाशी आपोआप लागेल. इमारतीचा भोग मालकाला खुशाल मिळो. ती ज्याने उभारली त्याचे नव्वद दिवस आधी त्याच्या नावावर लिहा.