घराची पारख कोणी करावयाची?

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत तयार होणारी लोखंडी सळई महाराष्ट्रात व महाराष्ट्राबाहेर घरांच्या बांधकामास जाते. परंतु त्याच जालन्यात, निवृत्तीची पुंजी आणि बँकेचे कर्ज एकत्र करून तयार घर विकत घेणाऱ्या शिक्षकास, एस. टी. वाहकास अथवा सळईच्या कारखान्यातील कामगारास आपल्या छतात कोणती सळई, किती जाडीची व किती अंतरावर घातली आहे, हे कळण्याचा साधा मार्ग नसतो. मडके घेताना ते वाजवून घेणारा माणूस आयुष्याची मिळकत मात्र रंगाच्या ताज्या हातावर विसंबून देऊन टाकतो. हा दोष त्याच्या भाबडेपणाचा नसून व्यवहाराच्या रचनेचा आहे.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन ही रचना उलगडून दाखविली. मालाचा दोष विकणाऱ्यास ठाऊक आणि घेणाऱ्यास अज्ञात असला, म्हणजे चांगल्या मालास योग्य मोल मिळेनासे होते व वाईट माल चांगल्यास बाजारातून हुसकावून लावतो. २००१ साली नोबेल पारितोषिक देताना अशाच कार्याचा गौरव झाला. घराच्या बाबतीत हे विवेचन अधिकच लागू पडते. फसलेला ग्राहक मोटार बदलू शकतो; घर बहुधा एकदाच घेतले जाते.

मराठवाड्याच्या भूमीने या प्रश्नास आणखी एक परिमाण दिले आहे. येथील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया ही माती ओलांडून मुरमापर्यंत नेला नसेल, तर घर दरवर्षी वर-खाली हलते आणि भिंतींना तिरप्या भेगा पडतात. त्या भेगा गिलाव्याखाली दडविणे हे एका दिवसाचे काम असते. भाद्रपदात पाहिलेले घर ओल दाखवील, वैशाखात पाहिलेले भेगा दाखवील. विकणारा आपल्या सोयीचा हंगाम निवडतो, घेणाऱ्यास ती मुभा क्वचितच असते.

कायदा नाही असे नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार, साधारण काळजी घेऊनही घेणाऱ्याच्या लक्षात न येणारा महत्त्वाचा दोष ठाऊक असल्यास विकणाऱ्याने तो सांगितलाच पाहिजे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने ताबा दिल्यापासून पाच वर्षांत निदर्शनास आणलेला बांधकामाचा दोष तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करण्याची जबाबदारी विकासकावर टाकली. परंतु पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील अथवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पांना नोंदणीतून सूट आहे. अंबड, परतूर, भोकरदन यांसारख्या गावांत छोट्या बांधकामांचाच भरणा असतो. शिवाय एका कुटुंबाने दुसऱ्यास विकलेल्या जुन्या घरास हे संरक्षण पुरत नाही. दुय्यम निबंधक कागद पाहतो, भिंत पाहत नाही. शासन मुद्रांक शुल्क घेते. त्या बदल्यात घर उभे राहील की नाही, याची हमी मात्र कोणीच देत नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कर्ज देणाऱ्या बँकेचा मूल्यांकनकार घर पाहून गेला, म्हणजे घराची तपासणी झाली, असे पुष्कळजण मानतात. वस्तुतः कर्ज बुडाल्यास तारणातून रक्कम वसूल होईल काय, एवढाच त्याच्यापुढील प्रश्न असतो. शुल्क ग्राहकाच्या खिशातून गेले तरी तो काम बँकेचे करतो. वकिलाचा शोध अहवालही मालकीहक्काविषयी बोलतो, पायाविषयी नव्हे.

यास्तव तपासनीस निवडताना पहिला प्रश्न त्याच्या शुल्काचा नसून निष्ठेचा असावा. दलालाने सुचविलेला माणूस व्यवहार मोडेल असे सत्य सांगण्यास कचरणारच, कारण दलालाची दलाली व्यवहार झाला तरच मिळते. जो दुरुस्तीचे कंत्राटही घेतो, त्याच्या अहवालावर विसंबू नये. दोष फुगविण्यातच त्याचा लाभ असतो. तपासनीस स्थापत्य अभियंता असावा, शक्यतो स्थानिक संस्थेकडे संरचना अभियंता म्हणून नोंदलेला. त्याने मंजूर नकाशा व प्रत्यक्ष बांधकाम ताडून पाहावे, गच्चीवर पाणी तुंबवून गळती पाहावी, खांब व तुळयांवर हातोडा-चाचणी करावी, आणि पाहिलेले व पाहता न आलेले दोन्ही लेखी द्यावे. ही सारी तपासणी विसार देण्यापूर्वी व्हावी. तसे शक्य नसेल तर विसारपावतीतच तपासणीची अट घालावी.

यावर आक्षेप असा की, खर्च परवडणारे तपासनीस नेमतील व बाजार आपोआप सुधारेल. मोठ्या शहरांत अशा खाजगी सेवा निघाल्या आहेत, हे खरे. परंतु ज्यास तपासणीची गरज सर्वांत अधिक, त्यासच ती परवडत नाही. शिवाय वास्तुरचनाकारांसाठी १९७२ पासून कायदा असला, तरी घर तपासनीस म्हणविणाऱ्यावर कोणतेही कायदेशीर बंधन नाही. महाड येथे २४ ऑगस्ट २०२० रोजी एक पाचमजली, फार जुनी नसलेली इमारत कोसळून सोळा माणसे मृत्युमुखी पडली. तेथील रहिवाशांनी स्वस्त वस्तू घेतली नव्हती; राहते घर घेतले होते. तपासणी हा प्राणरक्षणाचा प्रश्न असेल, तर ती ऐपतीवर सोडता येणार नाही.

स्कॉटलंडने डिसेंबर २००८ पासून घर विक्रीस काढतानाच अर्हताप्राप्त सर्वेक्षकाचा अहवाल देणे विकणाऱ्यावर बंधनकारक केले. तेथे सर्वेक्षकांचा व्यवसाय संघटित आहे. येथे तो उभा करावा लागेल. आरंभ मात्र अवघड नाही. शासकीय तंत्रनिकेतनांत प्रयोगशाळा व अध्यापक आहेत. २०२३ साली महानगरपालिका झालेल्या जालन्याने आणि जिल्ह्यातील नगरपरिषदांनी त्यांच्या साहाय्याने माफक, जाहीर दराची तपासणी सेवा सुरू करावी व अल्प उत्पन्न गटास ती विनामूल्य द्यावी. खरेदीखतासोबत तपासणी अहवाल जोडण्याची सक्ती शासनाने टप्प्याटप्प्याने आणावी. जमिनीचा सातबारा पाहण्याचा हक्क जर प्रत्येकाचा आहे, तर त्या जमिनीवरील भिंतीची खरी अवस्था जाणण्याचा हक्कही प्रत्येकाचा असला पाहिजे.