सायंकाळचा भोंगा

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे एक गाव आहे. २०२२ साली स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास तेथील ग्रामस्थांनी एक आगळा निश्चय केला. रोज सायंकाळी ७ वाजता देवळावरील भोंगा वाजावा आणि तो वाजताच घरोघरचे दूरचित्रवाणी संच व मोबाईल दीड तासापुरते बंद व्हावेत. त्या वेळात मुलांनी अभ्यास करावा आणि वडीलधाऱ्यांनी वाचन करावे, एकमेकांशी बोलावे, असे ठरले. २०२० साली करोनाची साथ आली, शाळा बंद पडल्या आणि धडे मोबाईलवरून सुरू झाले. पुढे शाळा उघडल्या. परंतु मुलांच्या हाती आलेला मोबाईल काही सुटेना. त्यावर गावाने योजलेला हा उपाय होता. ही कल्पना प्रथम निघाली तेव्हा काहींनी तिची थट्टा केली. पण गावातील स्त्रियांनी ती उचलून धरली आणि भोंगा वाजू लागला.

यावर कोणी विचारील, की मोबाईल बंद करण्यासाठी साऱ्या गावाला भोंगा कशाला हवा? ज्याला तो नको असेल त्याने आपल्यापुरता बंद करावा, म्हणजे झाले! हा प्रश्न वरवर पाहता रास्त वाटतो. परंतु समाजमाध्यमांचा मनावर अंमल कसा बसतो, हे ध्यानात घेतले म्हणजे गावाचे शहाणपण पटू लागते.

दिवाळीच्या पहाटे एखादी मुलगी अंगणात रांगोळी काढते. आजी कौतुकाने पाहते, दूध घालायला आलेले काका क्षणभर थबकतात आणि मुलीचे मन आनंदाने भरून येते. मग त्या रांगोळीचे छायाचित्र ती आईच्या मोबाईलवरून समाजमाध्यमावर पाठवते. घटकाभराने पाहावे, तो तिच्या रांगोळीला ७ जणांची पसंती आणि मैत्रिणीच्या रांगोळीला ७० जणांची! सकाळी जी रांगोळी सुंदर वाटत होती, तीच आता फिकी वाटू लागते. रांगोळीतील एक ठिपकाही हललेला नसतो. बदललेली असते ती पाहणारीची दृष्टी. पसंती दर्शविण्याची ही कळ फेसबुकने २००९ साली आणली. कौतुकाला असा आकडा चिकटला आणि आकडा आला की तुलना आलीच.

तुलना ही काही नवी गोष्ट नव्हे. पूर्वीही शेजारच्या घरातील नव्या सायकलीकडे मुले आशाळभूतपणे पाहत. परंतु शेजाऱ्याच्या सायकलीबरोबर त्याचे फुटलेले गुडघे आणि गणितात मिळालेला भोपळाही दिसत असे. समाजमाध्यमावर बहुतेक लोक आपले निवडक क्षणच मांडतात. गडाच्या माथ्यावरील हसरा चेहरा तेथे दिसतो. वाटेतील दमछाक आणि रुसवेफुगवे दिसत नाहीत. पाहणारा मात्र इतरांच्या त्या निवडक क्षणांशी आपला सबंध दिवस ताडून पाहतो आणि आपणच तेवढे उणे, असे समजून खिन्न होतो.

शिवाय पुस्तकाला शेवटचे पान असते, खेळाला वेळ संपल्याची शिटी असते. या पडद्याला मात्र शेवटच नसतो. बोट सरकवावे, तसतसे नवे चित्र पुढे येते. ही रचना सहज घडलेली नाही. या माध्यमांच्या मोठमोठ्या कंपन्यांचे मुख्य उत्पन्न जाहिरातींतून येते. पाहणारा जितका अधिक रेंगाळेल, तितक्या अधिक जाहिराती त्याला दाखविता येतात. तेव्हा एका बाजूला एकट्या मुलाचा निश्चय आणि दुसऱ्या बाजूला असंख्य कुशल तंत्रज्ञांची बुद्धी, असा हा विषम सामना असतो. त्यात झोपेचा वेळही खर्ची पडला, तर दुसऱ्या दिवशी चिडचीड वाढते आणि अभ्यासावरून लक्ष उडते.

या धोक्याची दखल जगाने घेतली आहे. अमेरिकेचे तत्कालीन सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ती यांनी मे २०२३ मध्ये एक सूचनापत्र प्रसिद्ध केले. दिवसाला ३ तासांहून अधिक वेळ समाजमाध्यमांवर घालविणाऱ्या मुलांमध्ये खिन्नता व चिंता यांची लक्षणे उद्भवण्याचा धोका दुपटीने वाढतो, असे त्यात म्हटले आहे. ऑस्ट्रेलियाने तर २०२४ साली कायदा करून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली आणि १० डिसेंबर २०२५ पासून तो अमलात आणला.

परंतु एकच बाजू सांगणे न्यायाचे होणार नाही. दूरदेशी राहणाऱ्या नातवाचे बोबडे बोल याच साधनाने आजीच्या कानी पडतात. लाजाळू मुलाला आपल्यासारखीच आवड असलेला मित्र येथे भेटू शकतो. उदास मुले पडद्याकडे वळतात की पडद्यामुळे मुले उदास होतात, याविषयी शास्त्रज्ञांत अद्याप वाद आहे. मूर्ती यांच्या सूचनापत्रातही लाभांचा उल्लेख आहेच. म्हणून ही माध्यमे सर्वस्वी त्याज्य ठरत नाहीत. मिठाने जेवणाला चव येते. मात्र मिठाचेच जेवण होत नाही.

आता भोंग्याकडे पुन्हा वळावे. एकट्या मुलाने मोबाईल बाजूस ठेवला, तर त्याच्या मनाला हुरहूर लागते. मित्र काय बोलत असतील? आपल्यावाचून काही ठरले तर? हीच हुरहूर त्याचा हात पुन्हा मोबाईलकडे नेते. परंतु भोंगा वाजून सर्वांचेच मोबाईल बंद झाले, की काही हुकण्याची भीतीच उरत नाही. जो संयम एकट्याला जड जातो, तो सर्वांनी मिळून पाळला असता हलका होतो. विशेष म्हणजे तेथे नियम केवळ मुलांना नव्हता. वडीलधाऱ्यांनीही तो स्वतःला लावून घेतला होता. स्वतः पडद्यात डोके खुपसून बसलेल्या वडिलांचा उपदेश मुलाच्या कानांत शिरत नाही.

प्रत्येक गावाला देवळावर भोंगा बसविता येईलच असे नाही. पण एका घरातील चार माणसांना, किंवा एका वर्गातील चार मित्रांना, आपली एक वेळ ठरविता येते. ती वेळ झाली, की सर्वांनी मोबाईल मिटून अंगणात यावे. तरीही एखाद्याचे मन दिवसेंदिवस उदासच राहिले, तर त्याने ते आईवडिलांना किंवा गुरुजींना निःसंकोच सांगावे. पाय मुरगळला असता तो दाखविण्यात जशी लाज नाही, तशी यातही नाही. आणि त्या अंगणात रांगोळी असेल, तर तिच्यापाशी क्षणभर थांबून ती डोळे भरून पाहावी. तेथे आकडा मोजण्याची गरज कोणालाच पडणार नाही.