पाहणे पुरेसे नाही

लॅरी क्लार्क या छायाचित्रकाराने १९९५ मध्ये 'किड्स' हा आपला पहिला चित्रपट प्रदर्शित केला. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर भटकणाऱ्या, नशा करणाऱ्या किशोरवयीन मुलांचा एक दिवस त्यात आहे. एक मुलगा स्वतःच्याही नकळत मुलींना एचआयव्हीची बाधा देत फिरतो आणि त्याला आवरणारे वडीलधारे माणूस कुठेच दिसत नाही. काहींनी या चित्रपटाला समाजाला जागे करणारी हाक म्हटले, तर काहींनी मुलांच्या देहाचा बाजार.

माझ्या मते दोन्ही पक्ष अर्धेच बोलत होते. काय दाखवले यावर वाद झाला. ज्यांना दाखवले त्यांचे पुढे काय झाले, हे थोड्यांनीच विचारले. त्यातील कित्येक मुले नट नव्हती. ती स्केटबोर्ड घेऊन त्याच रस्त्यांवर वावरणारी होती. त्यांपैकी जस्टिन पियर्सने २००० साली आत्महत्या केली. हॅरॉल्ड हंटर २००६ मध्ये, एकतिसाव्या वर्षी, अमली पदार्थांना बळी पडला. या मृत्यूंचा दोष चित्रपटावर टाकणे अन्यायाचे होईल. परंतु प्रसिद्धी म्हणजे आधार नव्हे, एवढे निश्चित.

आपल्याकडे मीरा नायर यांनी रस्त्यावरील मुलांनाच घेऊन 'सलाम बॉम्बे' केला. त्यातून १९८८ मध्ये 'सलाम बालक ट्रस्ट' उभा राहिला. हे पाऊल अधिक मोलाचे वाटते, कारण तिथे पाहणाऱ्याने काही परतही दिले.

अट्ठकथेत सोपाक या बालकाची कथा येते. काकाने त्याला स्मशानात बांधून टाकले होते. तथागतांनी त्याचे दुःख जाणले आणि त्याला संघात आश्रय दिला. करुणा दृष्टीपाशी थांबत नाही, ती कृतीत उतरते. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह सुरू केले, तेही याच जाणिवेने. मुलाला केवळ पुस्तक देऊन भागत नाही, त्याला छप्पर, जेवण आणि विचारपूस करणारे माणूसही लागते.

म्हणून पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. आपल्याही वसतिगृहांतून एखादा मुलगा व्यसनापायी किंवा वाईट संगतीने निघून जातो. आपण त्याला 'बिघडलेला' म्हणतो आणि पटावरून त्याचे नाव कमी होते. यापुढे नाव खोडण्यापूर्वी आपल्यापैकी कोणीतरी त्याच्या घरी जावे. एकदा नव्हे, तो परत येईपर्यंत. त्याच्यावर चित्रपट निघण्याची वाट पाहू नये.