दुपारची झोप हाही अभ्यासच

उन्हाळा तापू लागला की गोंदिया जिल्ह्यातल्या शाळा सकाळच्या होतात. सालेकसा, देवरीकडची पोरं सहा-साडेसहालाच घराबाहेर पडतात. त्याला इलाज नाही. इथल्या भर दुपारच्या उन्हात मुलांना शाळेतून घरी पाठवणं धोक्याचंच. २०२५च्या मार्चअखेर शिक्षण विभागाने साऱ्या राज्यासाठीच प्राथमिक शाळांना ७ ते ११.१५ आणि माध्यमिक शाळांना ७ ते ११.४५ ही वेळ ठरवून दिली होती. माझा आक्षेप आहे तो शाळा सुटल्यानंतरच्या दुपारबद्दल. भात पोटात गेला की दोन वाजता शिकवणी. शिकवणी नसेल आणि पोरगं पंख्याखाली आडवं झालं, तर घरातून आवाज येतो, "झोपतोस काय, पुस्तक घे." झोपलेलं मूल वेळ वाया घालवतं, हा आपला पक्का समज. मेंदूत जे घडतं ते याच्या अगदी उलट आहे.

कानशिलाच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना हिपोकॅम्पस नावाचा छोटासा भाग असतो. नवी आठवण आधी इथे उमटते. १९५३मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाच्या फिट थांबाव्यात म्हणून डॉक्टरांनी दोन्हीकडच्या हिपोकॅम्पसचा बराच भाग काढला. फिट कमी झाल्या, पण त्यानंतर भेटलेली माणसं त्याच्या लक्षात राहीनात.

इथल्या पेशी तालात काम करतात. उंदीर नवी वाट धुंडाळत असतो तेव्हा हिपोकॅम्पसमध्ये सेकंदाला साधारण सहा ते दहा लहरी उठतात. त्या थीटा लहरी. विशिष्ट जागी आल्यावरच जाग्या होणाऱ्या पेशी जॉन ओकीफ यांनी १९७१मध्ये दाखवल्या, त्यासाठी २०१४च्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. थीटाच्या ठेक्यावर या पेशी वाटेच्या क्रमाने बोलतात. ही झाली नोंद. उंदीर थांबला किंवा झोपला की थीटा ओसरते आणि सेकंदाला दीडशे-दोनशे कंपनांचे, पण क्षणार्धात विरणारे झटके येतात. त्यांना रिपल म्हणतात. त्या झटक्यात जागेपणी चाललेली वाट पेशी कितीतरी पट वेगाने पुन्हा चालून जातात. पेशींची ही झोपेतली उजळणी मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी १९९४मध्ये मांडली.

ही उजळणी मोडली तर? २००९मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी ते करून पाहिलं. उंदरांना रोज एक वाट शिकवायची आणि नंतर ते झोपले की रिपल उठता उठताच विजेच्या सूक्ष्म धक्क्याने ती विझवायची. उंदरांची झोप तेवढीच झाली, तरी ते शिकण्यात मागे पडले. दुसऱ्या गटाला तेवढेच धक्के दिले, पण रिपल नसताना. ते नेहमीसारखे शिकले.

या उजळणीतूनच आठवण हिपोकॅम्पसमधून मेंदूच्या बाहेरच्या थरात जाऊन रुजते, असं मानलं जातं. आपल्या धानाच्या मुलखात हे समजायला अवघड जाऊ नये. पऱ्हे एका कोपऱ्यात दाट टाकतात, पण पीक घ्यायचं तर रोवणी करून रोप बांधीत लावावंच लागतं. हिपोकॅम्पस ही पऱ्ह्यांची जागा, मेंदूचा बाहेरचा थर ही बांधी, आणि रोवणी बरीचशी झोपेत होते. आपण मात्र सकाळी शाळा, दुपारी शिकवणी, रात्री गृहपाठ असे पऱ्ह्यांवर पऱ्हे टाकत सुटलो आहोत.

उंदरांचं माणसाला कसं लावता, असं कुणी विचारेल. अपस्माराच्या शस्त्रक्रियेआधी मेंदूत इलेक्ट्रोड बसवलेल्या रुग्णांमध्येही रिपल नोंदल्या गेल्या आहेत. आणि २०१३मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात रेबेका स्पेन्सर यांच्या गटाने बालवाडीतल्या मुलांना सकाळी चित्रांच्या जागा लक्षात ठेवण्याचा खेळ दिला. दुपारी झोपल्यावर त्यांना जागा जास्त आठवल्या. जागं ठेवल्यावर ती विसरली, आणि ही तूट रात्रीच्या झोपेनेही भरून आली नाही. दुपारी झोपायची सवय असलेल्या मुलांमध्ये हा फरक सर्वांत ठळक होता.

मुलांची झोप अपुरी पडते हे सरकारनेही मानलं आहे. ८ फेब्रुवारी २०२४च्या शासन निर्णयाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९च्या आत भरवू नयेत असं ठरलं. पाचवीपासूनची मुलं त्यातून सुटली. खरं तर वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, रात्री झोप उशिरा लागते. त्यात उन्हाळ्यात चौथीपर्यंतच्यांनाही सातलाच यावं लागतं. म्हणून सकाळची शाळा ठेवायचीच असेल, तर तिने घेतलेली झोप दुपारी परत द्यायला हवी.

यासाठी निधी लागत नाही. सकाळच्या शाळेच्या दिवसांत १ ते ४ या वेळेत शिकवणी लावायची नाही, असं प्रत्येक शाळा व्यवस्थापन समितीने पालकांना बोलावून ठरवावं. शिकवणीवाल्यांनी वर्ग संध्याकाळी घ्यावेत. आश्रमशाळांच्या वसतिगृहांत जेवणानंतर तासभर दिवे मालवून मुलांना पडू द्यावं. तिथे दिवस पहाटेच सुरू होतो. आणि शिक्षकांनी एक धडा संपला की लगेच दुसरा काढू नये, दोन मिनिटं वर्ग शांत बसू द्यावा. २०२४मध्ये ग्यॉर्गी बुझाकी यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं, की वाटेवरच्या फेरीनंतर उंदीर थांबतो तेव्हा ज्या फेऱ्यांवर रिपल उठतात, त्यांचीच झोपेत पुढे उजळणी होते.

डोंगराळ गावांतली पोरं आधीच वाटेत, उन्हात आणि घरकामात पुष्कळ वेळ गमावतात. शिकलेलं टिकवण्याचा त्यांचा हक्काचा तास तरी आपण मोठ्यांनी हिरावून घेऊ नये.